पहिल्या चार बाटल्यांतून शेरीची ओळख

फिनो शेरीचा पहिला घोट घेतल्यावर नवख्या माणसाचं तोंड वाकडं होतं, यात नवल नाही. मनात असते जेवणानंतर इवल्याशा ग्लासातून प्यायची गोड, तपकिरी वाइन. जिभेवर येतं ते फिकट, साखरेचा मागमूस नसलेलं, खारट भासणारं काहीतरी, आणि वास आंबायला ठेवलेल्या कणकेसारखा. बाटली खराब नसते, घोट घेणाऱ्याची अपेक्षा वेगळी असते. शेरी या एका नावाखाली जगातल्या सर्वांत ड्राय, म्हणजे साखर नसलेल्या वाइन येतात आणि सर्वांत गोडही. म्हणून पहिली बाटली कोणती, यापेक्षा चार बाटल्या कोणत्या क्रमाने, हा प्रश्न जास्त कामाचा.

आधी एवढं कळलं पाहिजे

शेरी स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियातल्या कादिझ प्रांतात होते. हेरेझ दे ला फ्रोन्तेरा, सानलुकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सान्ता मारिया ही तिची तीन मुख्य गावं. हेरेझचं अरबी राजवटीतलं नाव शेरीश, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं शेरी झालं. खडूसारख्या पांढऱ्या मातीला तिथे अल्बारिझा म्हणतात. हिवाळ्यातला पाऊस ती स्पंजसारखा धरून ठेवते आणि कोरड्या उन्हाळ्यात वेलीला पुरवते. तिच्यावर मुख्यतः पालोमिनो हे द्राक्ष लावतात. खरं सांगायचं तर पालोमिनो तसं बेचव द्राक्ष आहे. त्यापासून ११-१२ टक्के अल्कोहोलची साधीसुधी पांढरी वाइन होते. शेरीचं सगळं शेरीपण त्यानंतर पिंपात येतं.

ही वाइन दोन वाटांनी जाते. पहिल्या वाटेत तिच्यात द्राक्षाचंच स्पिरिट घालून अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास आणतात. बोता नावाचं ६०० लिटरचं पिंप काठोकाठ न भरता सुमारे ५०० लिटरवर थांबवतात. वर राहिलेल्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टचा पांढरट, सुरकुतलेला थर धरतो. तापवलेल्या दुधावर साय धरते तसाच तो दिसतो. त्याला फ्लोर म्हणतात. ही साय हवेला वाइनपर्यंत पोचू देत नाही, म्हणून रंग फिकट राहतो. शिवाय ती आतलं ग्लिसरीन खाऊन टाकते, म्हणून वाइन तोंडात हलकी आणि धारदार लागते. आणि ती अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करते. कच्चं सफरचंद, कणीक, बदामाची साल हा जो फिनोचा ओळखीचा वास, तो मुख्यतः त्यातून येतो.

दुसऱ्या वाटेत अल्कोहोल १७ टक्के किंवा त्याच्या वर नेतात. एवढ्या अल्कोहोलमध्ये फ्लोर जगत नाही. वाइन वर्षानुवर्षं हवेच्या संपर्कात राहते, तपकिरी होते, ग्लिसरीन शाबूत राहिल्यामुळे अंगाने भरते. लाकडातून पाणी उडत राहतं, त्यामुळे वयाबरोबर अल्कोहोलही चढतं.

प्रत्येक ग्लास हातात घेताना एकच प्रश्न मनात धरा: ही वाइन सायीखाली वाढली, की हवेत? बाकीची माहिती याच खुंटीला टांगता येते.

खरेदी

पहिल्या बैठकीसाठी चार बाटल्या पुरेत: सायीखाली वाढलेली एक फिनो किंवा मांझानिया, दोन्ही वाटांनी गेलेली एक अमोन्तियादो, हवेत वाढलेली एक ओलोरोसो आणि एक गोड पेद्रो हिमेनेझ. लेबलावर पेद्रो हिमेनेझचं बऱ्याचदा नुसतं पीएक्स झालेलं असतं. ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या मिळाल्या तर त्याच घ्या, विशेषतः फिनोची. चार जणांना प्रत्येकी ३० मिली धरले तर एका प्रकाराचे १२० मिलीच लागतात. दुसरा हात फिरवला तरी अर्धी बाटली पुरते.

फिनो आणि मांझानिया ताज्या हव्यात. बाटलीत भरल्यापासून साधारण वर्षभरात त्या संपाव्यात. मागच्या लेबलावर भरल्याची तारीख किंवा ‘एल’ अक्षराने सुरू होणारा लॉट क्रमांक शोधा. क्रमांकात वर्ष आणि दिवस दडलेला असतो, पण लिहिण्याची पद्धत कंपनीगणिक बदलते. दुकानाच्या शोकेसमध्ये, दिव्याखाली उभी असलेली फिनो घेऊ नका. भारतात आयात झालेली बाटली गोदामात आणि उन्हाळ्यात किती काळ राहिली याचा भरवसा नसतो. तारीख सापडत नसेल तर फिनोचा हट्ट सोडा आणि अमोन्तियादोपासून सुरुवात करा. अमोन्तियादो आणि ओलोरोसो पिंपातच हवा खाऊन बसलेल्या असतात, त्यामुळे प्रवासाचा त्रास त्यांना कमी होतो.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी किराणा दुकानातली ‘कुकिंग शेरी’ चाखायला घेऊ नये. तिच्यात मीठ घातलेलं असू शकतं. आणि ‘ड्राय’ या शब्दाला भुलू नका. ‘ड्राय सॅक’ नावाची प्रसिद्ध शेरी प्रत्यक्षात ‘मीडियम’ गटातली, गोडसर आहे.

ग्लास, थंडावा, ताटली

शेरीचे पारंपरिक छोटे ग्लास दिसायला छान, पण ते काठापर्यंत भरतात आणि वासाला जागाच उरत नाही. पांढऱ्या वाइनचा, वर निमुळता होणारा साधा ग्लास घ्या. स्पेनमधला कातावीनो हा चाखण्याचा खास ग्लासही असाच निमुळता असतो, आणि तो एक तृतीयांशाच्या वर भरत नाहीत. माणशी चार ग्लास नसतील तर दोन चालतील. मध्ये पाण्याने विसळा, साबणाने नको. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास फिनोला सहज मारून टाकतो.

थंडाव्याचं गणित नीट पाळा. फिनो आणि मांझानिया ६ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे तीन तास फ्रिजमध्ये आणि थेट टेबलावर. अमोन्तियादो, ओलोरोसो आणि पीएक्स १२ ते १४ अंशांना, म्हणजे फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटांनी. परदेशी लेखांत ‘रूम टेम्परेचर’ म्हटलेलं असतं ते त्यांच्या थंड खोल्यांचं. मुंबईच्या ३० अंशांत ओलोरोसो ओतली तर अल्कोहोलचा भपकाच आधी नाकात जातो, तिचा अक्रोडाचा वास मागेच राहतो. उलट ओलोरोसो बर्फासारखी गार दिली तर वास मुका होतो आणि फक्त कडवटपणा उरतो.

ताटलीत खारवलेले बदाम, हिरवे ऑलिव्ह आणि साधा पाव ठेवा. तिखट काही ठेवू नका. १५ ते २० टक्के अल्कोहोल आणि मिरची एकत्र आली की जीभ पेटते, मग पुढची अर्धी बैठक वाया. प्रत्येकासमोर पाण्याचा पेला आणि थुंकायला एक रिकामा मग हवाच. थुंकण्यात संकोच नको, चाखणं हे पेशाने करणारे सगळे थुंकतात. चार प्रकारांचे ३०-३० मिली गिळले तर साध्या वाइनचा एक मोठा ग्लास रिचवल्यासारखं होतं, आणि चौथ्या ग्लासापर्यंत नाक बोथट झालेलं असतं.

चाखण्याची रीत

क्रम पक्का आहे: फिनो, अमोन्तियादो, ओलोरोसो, पीएक्स. पीएक्स आधी घेतली तर नंतरची प्रत्येक वाइन कडू आणि पाणचट लागेल.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा. मग न हलवता वास घ्या, नंतर दोनदा गोल फिरवून पुन्हा घ्या. नाक ग्लासात खुपसून जोराने ओढू नका, अल्कोहोल झोंबतं. छोटे छोटे दोन-तीन श्वास पुरतात. मग चमचाभर वाइन तोंडात घेऊन पाच-सात सेकंद सगळीकडे फिरवा. पहिला घोट फक्त तोंड तयार करण्यासाठी असतो, मत दुसऱ्या घोटावर द्या. थुंकल्यावर किंवा गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते मोजा. चांगल्या ओलोरोसोची चव मिनिटभर रेंगाळते.

वहीत चारच गोष्टी लिहा: रंग, सायीचा वास आहे की नाही, तोंडात हलकी की भरलेली, आणि साखर. विशेषणांची आतषबाजी पहिल्या दिवशी नको.

फिनो आणि मांझानिया. वाळलेल्या गवतासारखा फिका पिवळा रंग. वासात कणीक, कच्चं सफरचंद, बदामाची साल, ओला खडू. तोंडात अगदी कोरडी, शेवटी किंचित कडवट. आंबटपणा पांढऱ्या वाइनपेक्षा कमीच असतो, ताजेपणा येतो तो त्या कडवट-खारट धारेतून. मांझानिया म्हणजे सानलुकारमध्ये मुरलेली फिनोच, फक्त गाव बदललं. सानलुकार ग्वादालकिवीर नदीच्या मुखाशी, अटलांटिकच्या काठावर आहे. तिथली हवा दमट आणि थंड, त्यामुळे साय वर्षभर जाड राहते आणि वाइन आणखी नाजूक होते. तिओ पेपे ही हेरेझची फिनो, ला गिताना आणि सोलेआर या सानलुकारच्या मांझानिया. या नावांनी तुलना सुरू करायला हरकत नाही.

फिनो आवडली नाही तर लगेच निकाल देऊ नका. एक बदाम किंवा ऑलिव्ह खा आणि पुन्हा घोट घ्या. कादिझमध्ये ती तळलेल्या माशांबरोबर पितात आणि तिथे ती एकदम जागेवर बसते. रव्यात घोळवलेल्या बोंबलाबरोबरही बसेल, मसाल्यात तिखट कमी असेल तर.

अमोन्तियादो. हिच्यात दोन्ही वाटा आहेत. आधी काही वर्षं सायीखाली, मग साय मरते किंवा जास्त अल्कोहोल घालून मारली जाते, आणि पुढचं आयुष्य हवेत. रंग मधासारखा. वासात हेझलनट, भाजलेले बदाम, थोडी तंबाखू, आणि खाली कुठेतरी फिनोची ती कणीक. ती शोधणं हाच इथला अभ्यास. फिनोचा ग्लास रिकामा करू नका, शेजारी ठेवून आलटून पालटून वास घ्या. दोन्हींत काय सारखं आहे हे नाकाला एकदा सापडलं की सायीचा वास पुन्हा विसरला जात नाही.

ओलोरोसो. नावाचा अर्थच सुवासिक. कोऱ्या चहाचा गडद लालसर रंग, वासात अक्रोड, जुनं लाकूड, चामडं, संत्र्याची वाळलेली साल. नवखा हमखास फसतो तो इथेच. वास घेतो, एक घोट घेतो आणि म्हणतो, ‘गोड आहे.’ खऱ्या ओलोरोसोत साखर लिटरमागे पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे जवळपास नाहीच. नाकाला मिठाईची आठवण होते आणि ग्लिसरीनमुळे तोंडात गुळगुळीत लागतं, मेंदू त्याची बेरीज करून गोड म्हणतो. तपासायचं असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. वास बंद झाला की गोडीही जाते, उरतो कडवट-कोरडा शेवट. नाक सोडताच अक्रोड परत येतो.

पेद्रो हिमेनेझ. त्याच नावाची द्राक्षं तोडून आठवडा-दोन आठवडे उन्हात वाळवतात, जवळपास मनुके करतात आणि मग रस काढतात. कायद्याने लिटरमागे किमान २१२ ग्रॅम साखर लागते, प्रत्यक्षात ती ३५० ते ४५० असते. रंग काळ्या कॉफीचा. ग्लास हलवला की काकवीसारखी ओघळते. वास खजूर, अंजीर, काळा मनुका. १५-२० मिली भरपूर झाली, आणि ग्लासात पिण्यापेक्षा व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतलेली जास्त चांगली लागते.

टेबलावरचे दोन प्रयोग

पहिला: ४० मिली ओलोरोसोत २० मिली पीएक्स मिसळा. पीएक्समध्ये ४०० ग्रॅम साखर धरली तर मिश्रणात लिटरमागे सुमारे १३३ ग्रॅम येते. ‘क्रीम’ शेरीची कायदेशीर मर्यादा ११५ ते १४० ग्रॅम आहे. म्हणजे आपल्या घरात शेरीचा सर्वांत प्रसिद्ध गोड प्रकार तयार झाला. ‘क्रीम’मध्ये दुधाचा संबंध नाही, तो या मिश्रणाचाच प्रकार आहे. पीएक्स १० मिलीवर आणा, साखर ८० ग्रॅमवर येते आणि तुम्ही ‘मीडियम’मध्ये पोचता. गोडी वाढली की अक्रोडाचा कडवटपणा कसा झाकला जातो हे जिभेवर दिसतं. बाजारातल्या स्वस्त क्रीम शेऱ्या एकसुरी का लागतात, तेही इथेच कळतं: खालची ओलोरोसोच लेचीपेची असते.

दुसरा: फिनोचे ३० मिली ग्लासात ओतून रात्रभर ओट्यावर उघडे ठेवा. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या बाटलीतली ताजी फिनो थंड ओतून शेजारी घ्या. आधी रात्रीचा ग्लासही तासभर फ्रिजमध्ये ठेवून गार करा, नाहीतर फरक तापमानाचाच पडेल. उघडी राहिलेली फिनो मरगळलेली असते, वासात कापून ठेवलेल्या सफरचंदाचा शिळेपणा, धार गेलेली. शिळी फिनो दुकानात ओळखण्यासाठी हा धडा फार उपयोगी.

उघडल्यानंतर

सगळ्या बाटल्या उभ्या ठेवा, आडव्या नाहीत. आडव्या बाटलीत वाइनचा हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो, आणि शेरीचं छोटं बूच कायम ओलं राहण्यासाठी केलेलं नसतं. फिनो आणि मांझानिया फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा, फार तर आठवडा. अमोन्तियादो दोन ते तीन आठवडे, ओलोरोसो चार ते सहा आठवडे, पीएक्स एक-दोन महिने. वर्षानुवर्षं कपाटात उघडी पडलेली काकांची शेरी, ही शेरीची बदनामी करणारी सर्वांत मोठी गोष्ट आहे.

दोष ओळखणं थोडं वेगळं. अ‍ॅसिटाल्डिहाइडचा वास साध्या पांढऱ्या वाइनमध्ये दोष मानतात, फिनोत तो गुण. अक्रोडाचा, हवा लागल्याचा वास ओलोरोसोत हवा, फिनोत नको. फिनोचा रंग सोनेरीकडून तपकिरीकडे झुकलेला आणि वास सपाट असेल तर ती म्हातारी झालेली आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच बिघडलेलं, तो कोणत्याच प्रकारात चालत नाही, बाटली परत करा. नखांच्या पॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास फार जुन्या शेरीत अगदी पुसट असेल तर चालून जातो, पण डोळ्यांत पाणी आणणारा असेल तर नाही.

पुढच्या बैठकीला

लेबलावर ‘एन रामा’ दिसलं तर ती कमीत कमी गाळून भरलेली फिनो किंवा मांझानिया. रंग जरा गडद, कणकेचा वास ठळक, आणि ती लवकर संपवायला हवी. ‘व्हीओएस’ म्हणजे सरासरी २० वर्षांहून आणि ‘व्हीओआरएस’ म्हणजे ३० वर्षांहून अधिक मुरलेली. सरासरी म्हणायचं कारण सोलेरा. पिंपांच्या रांगा वयाप्रमाणे लावतात, सर्वांत जुन्या रांगेतून थोडी वाइन काढून बाटल्यांत भरतात आणि ती जागा वरच्या, तरुण रांगेतून भरतात. त्या रांगांना क्रियादेरा म्हणतात. आपल्याकडे दह्याचं विरजण जुन्यातलं राखून नवं घालत पिढ्यानपिढ्या चालतं, तसाच हा प्रकार. म्हणून शेरीच्या लेबलावर सहसा द्राक्षाचं वर्ष नसतं, आणि एवढ्या जुन्या बाटल्या पहिल्या बैठकीला नकोत. फार जुनी शेरी लाकडाने इतकी कडवट होते की तुलनेला काही नसेल तर तिचं मोल कळत नाही.

पालो कोर्तादो हा शेरीचा आणखी एक प्रकार मात्र लवकर चाखा. वास अमोन्तियादोसारखा, अंग ओलोरोसोसारखं. फिनोसाठी निवडलेल्या पिंपावर खडूची तिरकी रेघ, म्हणजे पालो, मारतात. त्यातली एखादी वाइन सायीच्या वाटेवरून सरकली की रेघेला आडवी छेद देऊन तिला वेगळं काढतात, त्यावरून हे नाव पडलं. अमोन्तियादो आणि ओलोरोसोच्या मध्ये तिचा ग्लास ठेवा आणि वास कुठून येतो, वजन कुठून येतं, ते वहीत लिहा.

गोव्याच्या पॉल जॉनसारख्या व्हिस्कीच्या लेबलांवर ओलोरोसो किंवा पेद्रो हिमेनेझ वाचून ज्यांना इथवर यावंसं वाटलं, त्यांनी व्हिस्कीत शेरीची चव शोधताना एवढं ध्यानात ठेवावं: ही पिंपं बहुतेकदा व्हिस्कीसाठीच शेरीने मुरवून घेतलेली असतात, सोलेरातली जुनी पिंपं क्वचितच बाहेर पडतात. ओलोरोसोचा ग्लास आणि त्या व्हिस्कीचा ग्लास शेजारी ठेवून वास घ्या. आधी शेरी, मग व्हिस्की. उलट केलं तर शेरीचं काहीच हाती लागणार नाही.